एचआयव्हीसह जगणाऱ्या माजी सैनिकांची मोबाइलद्वारे तंबाखूमुक्ती

एचआयव्हीसह जगणाऱ्या माजी सैनिकांचे विडी-सिगारेटचे व्यसन सुटावे म्हणून मोबाइलवरील संदेश, ॲप, दूरध्वनी-समुपदेशन आणि घरच्या घरी श्वासतपासणी यांचा उपचाराला जोड म्हणून केलेला वापर. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या नियमित घेणाऱ्याच्या जिवाला आज विषाणूपेक्षा धुराचा धोका मोठा आहे. डेन्मार्कमधील 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचआयव्हीमुळे आयुष्याची सुमारे 5, तर धूम्रपानामुळे 12 वर्षे घटल्याचे दिसले.

ही पद्धत अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत आकाराला आली. रुग्णाला श्वासातील कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे विडी-सिगारेटच्या धुरातून शरीरात जाणारा वायू, मोजणारे हातात मावेल असे यंत्र दिले जाते. फोनचा कॅमेरा सुरू ठेवून तो यंत्रात फुंकतो, उमटलेला आकडा कॅमेऱ्यासमोर धरतो आणि चित्रफीत पाठवतो. आकडा कमी असेल तर ठरलेली रक्कम त्याला मिळते. हा वायू शरीरातून काही तासांतच ओसरत असल्याने दिवसातून एकच तपासणी पुरत नाही. सोबत समुपदेशन व तलफ भागवण्यासाठी त्वचेवर लावायचे निकोटीनचे पट्टे असतात.

आपल्याकडे सातारा जिल्हा सैनिकांचा. तिथल्या अपशिंगे गावाच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. भारतात माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना 2003 पासून व मोफत एआरटी 2004 पासून आहे. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची मोबाइल संदेशसेवा आणि 1800-112-356 ही निःशुल्क दूरध्वनीसेवा 2016 मध्ये सुरू झाली. तरीही अमेरिकी पद्धत इथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. 2016-17 च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, मात्र धूम्रपान करणारे 3.8 टक्केच होते. तळहातावर चुना लावून मळलेली चिमूट गालात धरणाऱ्याच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड वाढत नाही, म्हणजे यंत्र त्याला खुशाल निर्व्यसनी ठरवील. त्याच्यासाठी लाळेतील वा लघवीतील कोटिनीन (निकोटीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासावे लागते, आणि निकोटीनचा पट्टा लावलेला असेल तर तीही तपासणी निरुपयोगी ठरते.

याहून नाजूक प्रश्न गोपनीयतेचा आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे, परंतु गावाकडे आजोबांचा फोन बहुधा नातवाच्याच हातात असतो आणि आलेला संदेश तोच मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणून अशा संदेशात आजाराचा, गोळ्यांचा वा एआरटी केंद्राचा उल्लेख मुळीच नसावा. ‘आज तंबाखू घेतली का? हो किंवा नाही कळवा,’ एवढेच पुरे.