भोंगा, फाटक आणि रुळांलगतचं खान्देश

भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव. रुळांलगतच्या वस्तीतून रात्रीच्या भोंग्याची तक्रार रेल्वेकडे गेली की उत्तर ठरलेलं: रूळ आधीचे, घरं नंतरची. ते खोटं नाही. 1860च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला भाव आला, त्याच सुमारास जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, लाइन खान्देशात पोहोचली. भुसावळ तोवर खेडंच होतं. जंक्शन झालं, यार्ड पडलं, आणि गाव रुळांच्या अंगाने वाढलं. चाळीसगाव–धुळे आणि सुरत–जळगाव या वाटा 1900च्या आसपासच्या.

पण ज्या रुळांशेजारी आजोबांनी घर बांधलं ते रूळ तसेच कुठे राहिले? वाफेचं इंजिन मैलभरावरून धापा टाकत यायचं; पोरं ‘गाडी उनी रे’ ओरडेपर्यंत म्हातारी बाई सावकाश पलीकडे पोहोचलेली असे. 1960च्या दशकाअखेरीस भुसावळपर्यंत विजेची इंजिनं आली. पुढे 13 मीटरच्या रुळांचे सांधे वितळवून जोडले गेले आणि खडाड्-खट कमी झालं. गाडी गुपचूप आणि वेगाने यायला लागली. जळगाव–भुसावळ दरम्यान दोनाच्या वर लाइनी झाल्या. आता एका लाइनीवरची मालगाडी दुसरीवरच्या एक्स्प्रेसचा आवाज गिळते.

म्हणून भोंगा. फाटकाच्या अलीकडे ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी असते, म्हणजे शिटी, फाटक. तिथे ड्रायव्हरला हॉर्न द्यावाच लागतो, रात्रीचे दोन वाजले असले तरी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. खिडकीखालून गाडी गेली की ती कुठच्या कुठे राहते. झोप मोडणारा आणि जीव वाचवणारा आवाज एकच, ही या भांडणाची खरी गाठ. नुसतं ‘हॉर्न बंद करा’ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

गेट काढून पूल किंवा बोगदा केला की शिटीचं कारण जातं, हे कागदावर. ब्रॉडगेजवरची बिनचौकीदार फाटकं 2019च्या सुरुवातीपर्यंत देशभर संपवली गेली. पण पुलाचा वळसा लांब पडतो, आणि जळगावच्या बजरंग बोगद्यात जोराच्या पावसात पाणी साचतं. मग अप-डाऊन करणारा नोकरदार रुळांवरूनच निघतो. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण 7.40ची गाडी त्याला जास्त जवळची वाटते.

22 जानेवारी 2025ला जळगाव जिल्ह्यातल्या परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेल्यांना शेजारच्या लाइनीवरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने उडवलं. किमान 12 जण गेले. ते वस्तीतले नव्हते, प्रवासी होते. पण दुसऱ्या लाइनीवरची गाडी किती उशिरा कळते, हे सगळ्या जिल्ह्याने पाहिलं.

त्याआधी दोनच महिने, नोव्हेंबर 2024 मध्ये, जळगाव–मनमाड 160 किलोमीटरच्या चौथ्या लाइनीला केंद्राची मंजुरी मिळाली होती.