सिरोसिसमधील रक्तस्राव आणि दुर्बिणीतून होणारे उपचार : पार्श्वभूमी

सिरोसिसमध्ये यकृत निबर होते, आतड्यांकडून पोर्टल शिरेने येणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या नाजूक शिरांमधून हृदयाकडे जाऊ लागते. पोर्टल आणि यकृत शिरांतील दाबाचा फरक पाऱ्याच्या 12 मिलिमीटरवर गेला, की या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची मोठी उलटी होऊ शकते.

अशा शिरेत औषध टोचून ती आतूनच बुजवण्याचा प्रयोग स्टॉकहोमच्या क्राफूर्ड आणि फ्रेंकनर यांनी 1939 मध्येच प्रसिद्ध केला होता. मात्र 1945 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिपल यांच्या गटाने पोर्टल शीर थेट महाशिरेला जोडण्याच्या शस्त्रक्रियेची दिशा दाखवली आणि शल्यचिकित्सकांचे लक्ष तिकडे वळले. त्या जोडणीने रक्तस्राव थांबत असे. पण यकृताला वळसा घालून आलेल्या रक्तामुळे अनेकांना भ्रम आणि गुंगी येई, आणि आयुष्य वाढल्याचे चाचण्यांत दिसले नाही. बेलफास्टच्या जॉन्स्टन आणि रॉजर्स यांनी इंजेक्शनचा पंधरा वर्षांचा अनुभव 1973 मध्ये मांडला, तेव्हा कुठे जुन्या पद्धतीकडे पुन्हा गांभीर्याने पाहिले गेले; पुढे लवचीक दुर्बिणीमुळे ती सर्वत्र पसरली.

इंजेक्शनने अन्ननलिकेला व्रण पडत आणि ती आकसत असे. कधीच रक्तस्राव न झालेल्यांना खबरदारी म्हणून ते देऊन पाहणारी अमेरिकेतील एक मोठी चाचणी तर उपचार घेणाऱ्यांतच मृत्यू वाढल्याने थांबवावी लागली. हा निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याचे महत्त्व मला यशस्वी चाचण्यांइतकेच वाटते.

तोवर डेन्व्हरच्या ग्रेग स्टीगमन यांनी मूळव्याधीला रबरी बँड लावण्याची पद्धत अन्ननलिकेत आणली होती. दुर्बिणीच्या टोकावरील टोपीत शीर ओढून घ्यायची, ती टोपी भरून लालभडक दिसू लागली की बँड सोडायचा. काही दिवसांत तो भाग गळतो आणि तिथे वण उरतो. इंजेक्शनशी तुलना करणाऱ्या 1992 च्या चाचणीत बँडिंगमुळे गुंतागुंत आणि मृत्यू दोन्ही कमी आढळले. प्रतिबंधासाठी बँडिंगचा उपयोग होतो, हे दाखवणारी 1999 ची महत्त्वाची चाचणी दिल्लीत डॉ. शिवकुमार सरीन यांच्या गटाने केली. जठराच्या शिरांवर मात्र बँड पुरेसा ठरत नाही. तिथे हॅम्बुर्गच्या सोहेंद्र यांनी 1986 मध्ये सायनोॲक्रिलेट हा गोंद टोचण्याची पद्धत मांडली.

दुर्बिणीतून होणारा यांपैकी कोणताही उपाय पोर्टल शिरेतील दाब उतरवत नाही. म्हणून रक्तस्राव थांबल्यावर, शिरा नाहीशा होईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने बँडिंग पुन्हा करावे लागते आणि जोडीला प्रोप्रानोलॉलसारखे दाब कमी करणारे औषध देतात.