मधुमेह, आहार आणि रक्तवाहिन्या

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तातील मेदद्रव्ये आणि रक्तवाहिन्या यांवर आहाराचा होणारा परिणाम. मधुमेहींच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे. तरीही पथ्याची चर्चा बहुधा साखरेपाशीच थांबते.

इन्सुलिनला पेशी पुरेशी दाद देईनाशा झाल्या, की चरबीच्या पेशींतून मेदाम्ले रक्तात सुटत राहतात. यकृत ती उचलते आणि ट्रायग्लिसराइडने (मेदाच्या एका प्रकाराने) भरलेले कण रक्तात सोडते. या कणांशी होणाऱ्या देवाणघेवाणीत एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) घटते, तर एलडीएलचे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) कण लहान व दाट बनतात. त्यामुळे अहवालात एलडीएलचा आकडा बरा दिसत असला, तरी कणांची संख्या जास्त असू शकते. वाढलेली साखर या कणांतील प्रथिनांना चिकटते. असे कण धमनीच्या भिंतीत अधिक सहज अडकतात. वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइडही आतल्या अस्तराकडून कमी मिळू लागतो.

‘गोड बंद केले’ एवढ्याने म्हणूनच भागत नाही. मैदा, भरपूर पांढरा भात आणि फळांचे रस ट्रायग्लिसराइड वाढवतात, मद्याचेही तेच. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यामुळे मधुमेहीच्या ताटात तो ‘हलका’ मुळीच नाही. एलडीएलचा मार्ग वेगळा आहे. तूप, लोणी, खोबरेल व पाम तेल यांतील संपृक्त मेदांमुळे यकृताच्या पेशींवरील एलडीएल उचलणारी ग्राहके कमी होतात. अन्नातल्या कोलेस्टेरॉलचा वाटा त्यामानाने लहान. अमेरिकेच्या २०१५ च्या आहारशिफारशींतून रोजच्या ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा वगळली गेली. अंड्यांविषयी मात्र मधुमेहींमधील अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

ओट आणि जवामधील बीटा-ग्लुकान, इसबगोल, मेथीदाणे व डाळी यांतला विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना (पित्तातील, मेद पचवणाऱ्या आम्लांना) अडकवतो. ती नव्याने बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकानने एलडीएल सुमारे ५ टक्के उतरते. ज्वारी-बाजरीचा तंतू बहुतांशी अविद्राव्य. भाकरी पोळीपेक्षा केव्हाही चांगली असे सरसकट सांगितले जाते, पण कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी भाकरीइतकेच तिच्याबरोबरच्या उसळीलाही महत्त्व आहे.

स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ चाचणीत (७,४४७ जण, जवळपास निम्मे मधुमेही) ऑलिव्ह तेल किंवा सुक्या मेव्यासह भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघात सुमारे ३० टक्के कमी आढळले. गटवाटणीतील दोषांमुळे २०१३ चा मूळ लेख मागे घेऊन २०१८ मध्ये सुधारित विश्लेषण छापावे लागले; निष्कर्ष जवळपास तोच राहिला. याउलट अमेरिकेतील ‘लुक अहेड’ चाचणीत ५,१४५ मधुमेहींपैकी कमी उष्मांक व व्यायाम सांगितलेल्या गटाचे वजन घटले, पण हृदयविकार घटले नाहीत. ती २०१२ मध्ये थांबवण्यात आली. दोन चाचण्यांतून थेट तुलना निघत नसली, तरी नुसत्या वजनापेक्षा आहारातील मेदाचा प्रकार महत्त्वाचा असावा, असे वाटायला जागा आहे. आहार औषधाची जागा मात्र घेत नाही : २००४ च्या ‘कार्ड्स’ चाचणीत रोज १० मिलिग्रॅम ॲटोर्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाने मधुमेहींतील हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना ३७ टक्के कमी झाल्या.

भारतीयांत हा धोका बारीक अंगकाठीआड दडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) सारखाच, सुमारे २२, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के.

एलडीएल वाढवून एचडीएल घटवणाऱ्या ट्रान्स मेदांवर (वनस्पती तुपासारख्या, तेल घट्ट करताना बनणाऱ्या मेदांवर) भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील २ टक्क्यांची मर्यादा आहे. पुन्हापुन्हा तापवलेल्या तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांसाठी (तेल खराब होताना बनणाऱ्या पदार्थांसाठी) २५ टक्क्यांची मर्यादा २०१८ मध्येच लागू झाली. वडे-भज्यांच्या गाड्यांवर ती कितपत पाळली जाते, हे कढईतल्या तेलाच्या रंगावरूनच कळते.