स्कॉटिश क्लॅन, सेप्ट आणि वंशशोध

क्लॅन : स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागातील डोंगराळ प्रदेश (हायलँड्स) आणि लगतची बेटे येथे वाढलेली, घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी समाजसंघटना. एका प्रमुखाला मानणारी, त्याच्या मुलखात राहणारी आणि त्याची हाक आली की शस्त्र घेऊन उभी राहणारी माणसे म्हणजे त्याचा क्लॅन. दक्षिणेत इंग्लंडच्या सीमेवरही अशी घराणी होती. स्कॉटिश संसदेच्या १५८७ च्या एका कायद्यात हायलँड्स, बेटे आणि सीमाभाग या तिन्हींकडील क्लॅनचा उल्लेख आहे.

क्लॅनमधील सारे एकाच मूळपुरुषाचे वंशज, अशी श्रद्धा असे. प्रत्यक्षात प्रमुखाचे घराणे आणि त्याची भावकी एवढ्यांपुरतेच रक्ताचे नाते सांगता येई. बाकीचे बहुतेक लोक त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे, संरक्षणासाठी येऊन राहिलेले किंवा जिंकलेल्या भूभागाबरोबर आलेले होते. म्हणून क्लॅनला महाराष्ट्रातील कुळाच्या मापाने मोजणे चुकीचे ठरते. आपल्याकडे एका कुळात सोयरीक होत नाही. क्लॅनमध्ये असा निर्बंध नव्हता, आणि एकाच आडनावाच्या वधूवरांचे विवाह सर्रास होत.

प्रमुख आणि जमीन कसणारे यांच्यामध्ये टॅक्समन हा वर्ग असे. तो बहुधा प्रमुखाच्या नात्यातला. प्रमुखाकडून जमिनीचा मोठा पट्टा भाडेपट्ट्याने घेऊन तो पुढे तुकड्यांनी लावून देई, आणि लढाईत त्याच माणसांचा नायक होई. जमीन कागदोपत्री प्रमुखाची असली तरी तिच्यावर राहण्याचा आपला वंशपरंपरागत हक्क आहे असे सामान्य माणूस मानी. गेलिक भाषेत या हक्काला ‘दूहस’ म्हणत. कायद्याने तो कधीच मान्य केला नाही, आणि पुढच्या सगळ्या हालअपेष्टांचे मूळ तेथे आहे. प्रमुखाचा मुलगा दुसऱ्या घरी वाढवायला देऊन घराणी जोडली जात. लेखी करार करून दुबळी घराणी बलिष्ठांच्या आश्रयाला जात. मॅकिंटॉश, मॅकफरसन, डेव्हिडसन, मॅकगिलिव्हरे आदी घराण्यांचा ‘क्लॅन चॅटन’ हा तर अनेक क्लॅनचा संघच होता.

आडनावांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. हायलँड्समध्ये अठराव्या शतकापर्यंत अनेकांना स्थिर आडनावच नव्हते. माणूस ओळखला जाई तो ‘डोनाल्ड, इयनचा मुलगा, अ‍ॅलिस्टरचा नातू’ असा. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मुलीच्या नावाआधी ‘निक’ लागे. आडनाव लावायची वेळ आली तेव्हा पुष्कळांनी प्रमुखाचेच नाव उचलले. काहींना तर स्वतःचे नाव टाकावे लागले. १६०३ मध्ये ग्लेन फ्रूइन येथे मॅकग्रेगरांनी कहून घराण्याच्या लोकांची मोठी कत्तल केली. इंग्लंडची गादी स्वीकारायला निघण्याच्या तोंडावर राजा सहावा जेम्स याच्या सरकारने मॅकग्रेगर हे नावच रद्द केले. ते लावील त्याला मृत्युदंड. मग कोणी कॅम्बेल झाले, कोणी ड्रमंड, मरी, ग्रॅहम किंवा स्ट्युअर्ट. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली आणि १७७४ मध्ये कायमची गेली. प्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगर (मृत्यू १७३४) आईकडचे कॅम्बेल हे नाव वापरत असे. आजच्या एखाद्या ड्रमंडचा पूर्वज मॅकग्रेगर असू शकतो, आणि आडनावावरून ते कधीच कळणार नाही.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर, गादी गमावलेल्या स्ट्युअर्ट राजघराण्यासाठी लढणाऱ्या पक्षाचा ब्रिटिश सरकारी फौजेकडून पराभव झाला आणि क्लॅनची लष्करी व्यवस्था मोडली. प्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले गेले. पुरुषांच्या हायलँड पोशाखावर बंदी आली, ती १७८२ पर्यंत टिकली. प्रमुख आता निव्वळ जमीनदार उरले. मेंढपाळीत पैसा दिसताच त्यांनी आपल्याच माणसांना गावांतून उठवले. सदर्लंडमधील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातून १८१४ आणि १८१९ मध्ये लोकांना घराबाहेर काढून छपरे जाळली गेली. कॅनडातील नोव्हा स्कोशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या स्कॉटिश वंशजांपैकी अनेकांची कहाणी येथून सुरू होते.

ज्या पोशाखावर बंदी होती तोच १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हा राष्ट्रीय वेष म्हणून मिरवला गेला. ‘प्रत्येक क्लॅनचा ठरलेला टार्टन’ (रंगीत चौकटींचे लोकरी कापड) ही कल्पना मुख्यतः याच काळातली आहे. कलोडनला लढणाऱ्यांची ओळख चौकटीच्या कापडावरून नव्हे, टोपीतल्या खुणेवरून पटे.

सेप्ट म्हणजे निराळे आडनाव असलेले पण एखाद्या क्लॅनशी जोडलेले घराणे. अशी आश्रित आणि उपशाखांची घराणी खरोखरच होती. मात्र आज दुकानांत आणि स्मरणिकांत दिसणाऱ्या सेप्टच्या लांबलचक याद्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फुगत गेल्या, आणि ज्याला त्याला कुठला तरी टार्टन मिळावा हा त्यामागचा मोठा हेतू होता. स्मिथ, टेलर, मिलर ही धंद्यावरून पडलेली नावे गावोगाव स्वतंत्रपणे निर्माण झाली. विल्सन, म्हणजे विल्यमचा मुलगा, हे नाव याद्यांत गन क्लॅनखाली सापडते. गन लोक केथनेसचे, म्हणजे मुख्य भूमीच्या पार उत्तर टोकाचे. मुंबईचे विल्सन महाविद्यालय ज्यांच्या नावाने चालते ते मिशनरी जॉन विल्सन (१८०४–१८७५) दक्षिण सीमेकडील लॉडर गावचे. केवळ आडनावावरून त्यांना गन ठरवायला काहीही आधार नाही.

प्रमुखपदाचे दावे आजही एडिनबरोच्या लॉर्ड लायन या राजचिन्हाधिकाऱ्यापुढे जातात. मान्यताप्राप्त प्रमुख नसलेले क्लॅनही बरेच आहेत. ढालीवरचे कुलचिन्ह एका व्यक्तीच्या मालकीचे असते, साऱ्या आडनावाचे नव्हे. सामान्य सदस्याने प्रमुखाचे शिरोचिन्ह पट्टा-बक्कलच्या वर्तुळात बसवून टोपीवर लावावे, एवढीच मुभा आहे.

पूर्वज शोधायचे तर क्लॅनपासून सुरुवात करू नये. आपल्यापासून एकेक पिढी मागे जावे. १ जानेवारी १८५५ पासून स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह व मृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी आहे, आणि ती विलक्षण उपयोगी आहे : मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आईवडिलांची नावे असतात, आईचे माहेरचे आडनावही. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या पॅरिश वह्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील नोंदवह्या, आहेत. सर्वांत जुनी वही एरल गावची, १५५३ ची. हायलँड्समधील वह्या उशिरा सुरू होतात आणि त्यांत खंडही पडतात. या वह्या मुख्यतः प्रोटेस्टंट चर्चच्या असल्याने कॅथलिक कुटुंबे त्यांत पुष्कळदा सापडत नाहीत. १७८३ पासून काही वर्षे प्रत्येक नोंदीवर कर होता, त्यामुळे गरिबांनी नोंदच टाळली. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची प्रथा असल्याने चुलतभावंडांची नावे सारखी येतात. अशा वेळी शेताचे किंवा वाडीचे नाव जुळवून पाहावे लागते.

बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या चाचण्यांनी अलीकडे नवी भर घातली आहे. मॅकडोनाल्ड, मॅकडूगल आणि मॅकअ‍ॅलिस्टर या तिन्ही घराण्यांचे प्रमुख ११६४ मध्ये मरण पावलेल्या सोमरलेड या वीराचे वंशज म्हणवतात, आणि त्यांच्या गुणसूत्रांत तसा समान धागा आढळला. तो नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन, वळणाचा निघाला, जरी सोमरलेडची ख्याती नॉर्स सत्तेशी झुंजणारा गेलिक योद्धा अशी आहे. मॅकडोनाल्ड आडनाव लावणाऱ्या बहुसंख्य पुरुषांत मात्र हा धागा नाही.