पुनर्रंगकाम, यंत्रांचे

यंत्रावरचा जुना रंग पूर्ण न उतरवता त्यावर वेगळ्या जातीच्या रंगाचे हात देण्याचे काम. जुना एनॅमल आणि वर एपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन (पीयू), हा यातला नेहमीचा प्रकार. सगळा रंग काढून बीड (ओतीव लोखंड) उघडे करणे केव्हाही चांगले. पण उभ्या असलेल्या लेथवर (कातकामाच्या यंत्रावर) वाळूचा मारा करता येत नाही, कारण वाळूचे कण बेडवर आणि बेअरिंगमध्ये शिरतात. पत्र्याने खरवडत बसले तर आठवडा जातो आणि तेवढे दिवस यंत्र बंद ठेवायला कोणी तयार नसते. म्हणून जुन्यावरच नवा चढतो.

महाराष्ट्रातल्या छोट्या वर्कशॉपांत या कामाचा एक ठरलेला मुहूर्त आहे, खंडेनवमी. पूजेच्या आदल्या दिवशी यंत्र डिझेलने पुसतात आणि त्यावर एनॅमलचा एक हात मारतात. तो नीट वाळण्याआधीच त्यात हळदीकुंकवाची बोटे उमटतात. असे पंधरा-वीस दसरे पाहिलेल्या लेथचा टवका उडालेला कोपरा पॉलिश पेपरने घासून पाहावा. खोडातल्या वलयांसारखी रंगांची वलये दिसू लागतात: वर निळा, मग हिरवा, मग दोन करडे, मग लांबी (खड्डे भरायची पुट्टी), तिच्याखाली तांबूस रेड ऑक्साइड आणि मधोमध काळपट बीड. नवा रंग कितीही महागाचा आणला तरी तो या ढिगाऱ्यातल्या सर्वांत कच्च्या थराच्या भरवशावर राहतो.

रंग बिघडतो तो मुख्यतः थिनरमुळे. साधा सिंथेटिक एनॅमल म्हणजे अल्किड. तो टर्पेंटाइनसारख्या सौम्य द्रावकात पातळ करतात आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन तो हळूहळू घट्ट होतो. एपॉक्सी, पीयू आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज, बोलीत ड्युको) यांचे थिनर जास्त जहाल असतात. ते एनॅमलवर पडले की खालचा थर फुगतो, धातूवरची पकड सोडतो आणि काही मिनिटांत सगळीकडे सुरकुत्या पडतात. दुसरा बिघाड उशिरा कळतो. एपॉक्सी घट्ट होताना आकसते आणि खालच्या नरम एनॅमलला ओढत राहते. काम झाले त्या दिवशी सारे छान दिसते आणि काही महिन्यांनी तळहाताएवढे पोपडे निघतात. पोपडा उलटून पाहिला तर जुना रंगही त्याला चिकटून आलेला असतो. दोष नव्या रंगाला दिला जातो, सुटलेला असतो जुना. उलट क्रम, म्हणजे कठीण एपॉक्सीवर साधा एनॅमल, घासून घेतले तर सहसा त्रास देत नाही. मात्र गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या गार्डवर थेट एनॅमल देऊ नये. त्यातल्या तेलाची जस्ताशी क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सोलून निघतो.

खालचा रंग कोणता हे कापसाच्या बोळ्याने बरेचसे कळते. नव्या रंगाच्याच थिनरमध्ये बोळा भिजवून आडोशाच्या जागी पाचेक मिनिटे दाबून धरावा. रंग विरघळून कापसाला लागला तर तो एनसीच्या जातीचा. फुगून सुरकुतला तर बहुधा एनॅमल. काहीच झाले नाही तर एपॉक्सी, पीयू किंवा भट्टीत भाजलेला रंग. तो राहू द्यायला हरकत नाही, पण घासून त्याची चमक मारावीच लागते.

रंग विरघळला नाही म्हणजे तो धातूला धरून आहे असे नाही. त्यासाठी आयएसओ 2409 ही चौकटींची चाचणी आहे. धारदार पात्याने धातूपर्यंत जाणाऱ्या सहा रेघा उभ्या, सहा आडव्या मारून 25 चौकोन करायचे, चिकटपट्टी लावून ओढायची आणि किती निघाले ते पाहून 0 ते 5 असा दर्जा द्यायचा. 0 म्हणजे एकही चौकोन हलला नाही. 5 म्हणजे 65 टक्क्यांहून जास्त रंग गेला. एक-दोनपर्यंत जुना रंग ठेवावा. त्यापुढे खरवडण्याला पर्याय नाही.

तयारीत एक क्रम हटकून चुकतो. आधी तेल काढायचे, मग घासायचे. आधी घासले तर पेपरच्या ओरखड्यांत तेलच भरले जाते. त्यातही डिझेलने पुसणे हे साफ करणे नव्हे, ते स्वतःच तेलकट पापुद्रा मागे ठेवते. डिटर्जंटचे पाणी किंवा डिग्रीझर वापरून धुवावे आणि यंत्र कोरडे करावे. जुन्या यंत्रांच्या अस्तरात शेंदूर, म्हणजे शिशाचे संयुग, असू शकते. तिथे कोरडे न घासता वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) वापरावा आणि चिखल गोळा करावा. भारतात 2016 च्या नियमांनी शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घातली ती घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती.

एनॅमल ठेवायचाच आणि वर टू-पॅक (हार्डनर मिसळून लावायचा एपॉक्सी किंवा पीयू) द्यायचाच असेल तर मधे दोघांनाही चालणारे अडसर-अस्तर लागते. रंग पुरवणाऱ्याकडून ते नावानिशी लिहून घ्यावे आणि आधी हातभर जागेवर लावून आठवडाभर थांबावे. हवामानही पाहावे लागते: धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सिअस वर आणि आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत. कोकणात पावसाळ्यात असे दिवस मोजकेच मिळतात. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेल्यास दमा जडू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल इथे काहीही अडवत नाही.

टू-पॅक रंग हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, पण पुरता पक्का व्हायला साधारण 7 दिवस घेतो. लेथवर मात्र दुसऱ्याच दिवशी जॉब चढतो, आणि चकाखालचा (जॉब पकडणाऱ्या जबड्याखालचा) ट्रे कूलंटने, म्हणजे कातताना सोडलेल्या गार करणाऱ्या द्रवाने, भरतो.