ठशाला गेलेला तडा

'सिकंदराचा चेहरा असलेलं अस्सल चांदीचं नाणं' ही ओळ जुन्या नाण्यांच्या जाहिरातींत हमखास सापडते. त्या नाण्यावरचा सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला तरुण सिकंदर नाही, ग्रीक पुराणांतला वीर हेराक्लीस आहे. मागच्या बाजूला हातावर गरुड घेऊन बसलेला ग्रीक देवराज झ्यूस आणि शेजारी 'अलेक्सान्द्रू', म्हणजे 'अलेक्झांडरचं'. या शब्दानेच घोटाळा होतो. सिकंदराचा स्वतःचा चेहरा नाण्यांवर ठळकपणे आला तो इ.स.पू. 323 मध्ये तो वारल्यावर. त्याच्या सेनापतींपैकी इजिप्तमध्ये टॉलेमीने त्याच्या डोक्यावर हत्तीचं कातडं चढवलं, ग्रीसच्या ईशान्येकडच्या थ्रेसमध्ये लायसिमॅकसने कानाशी मेंढ्याचं शिंग दिलं.

सिकंदराच्या नावाची टेट्राड्राख्म नाणी, म्हणजे चार ड्राख्मांची (ड्राख्म हे ग्रीक नाणं), सुमारे 17.2 ग्रॅमची, त्याच्यामागे दोनशेहून अधिक वर्षं गावोगावच्या टांकसाळी पाडत होत्या. (आपला 'दाम' या ड्राख्मचाच, 'द्रम्म'मार्गे आलेला वंशज.) बहुतेकांवर साल नाही. मग आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं?

ते ठसे सांगतात, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारे, चित्र उलटं कोरलेले धातूचे तुकडे. हेराक्लीसचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे, झ्यूसचा ठसा हातात धरायच्या पहारीच्या टोकाला. मध्ये तापवून मऊ केलेली चांदीची चकती आणि वरून हातोडा. चकती नीट तापली नसेल तर कड फाटे. घाव बसताना पहार उसळली तर झ्यूसला दोन नाकं येत. आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर मागेही हेराक्लीसच, पण खोलगट आणि उलटा.

हातोड्याचा मार थेट वरच्या ठशावर, म्हणून तो लवकर संपे. खालच्याला ऐरणीचा आधार, तो जास्त टिके. समजा, हेराक्लीसचा 'क' ठसा झ्यूसच्या 1, 2, 3 या ठशांबरोबर वापरला. 'क' फुटला तेव्हा 3 धड होता, म्हणून तो नव्या 'ख'बरोबर चालवला. आज 'क-3' आणि 'ख-3' अशी दोन नाणी हाती आली की कडी जुळते. पण साखळीचं पहिलं टोक कोणतं? इथे तडा कामी येतो. ठशाला चीर गेली की चांदी तिच्यात शिरते, म्हणून नाण्यावर ती उंच रेघ दिसते. नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा मात्र खोलगट असतो. भिंगाखाली तिरपा उजेड टाकला की फरक कळतो. 'क-1'वर रेघ नाही, 'क-2'वर केसाएवढी, 'क-3'वर हेराक्लीसच्या गालावरून गेलेली: म्हणजे क्रम 1, 2, 3 आणि त्यानंतर 'ख'. ठसा बरा होत नाही, म्हणून हा क्रम उलटा फिरत नाही.

प्रत्यक्ष सालासाठी मात्र जमिनीत एकत्र सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यांचाच आधार घ्यावा लागतो.

जुनी नाणी तांदूळ ओढतात म्हणून लाखोंना गंडवणारे आपल्याकडे अजून भेटतात. चांदी नि तांबं लोखंडालाही ओढत नाहीत. तांदळाचे दाणे हलले तर आत लोखंडाचा कीस आणि कुठेतरी चुंबक शोधावा.

खोटं नाणं ओळखायलाही ठशाचं ज्ञान लागतं. पाण्यात तोलल्यावर 17.2 ग्रॅमच्या शुद्ध चांदीचं वजन सुमारे 1.64 ग्रॅमने घटतं. आत तांबं असेल तर घट जास्त. पण चांदीच वितळवून साच्यात ओतलेलं नकली नाणं या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतं. दोन खऱ्या नाण्यांचे ठसे एकच असू शकतात, कडेच्या भेगा मात्र प्रत्येक घावागणिक वेगळ्या पडतात. त्याही हुबेहूब जुळल्या, तर दोहोंपैकी एक तरी ओतलेलं आहे.