साइड पॅनेल काढून ठेवण्याआधी

मार्च उजाडला की नाशिकमध्ये कितीतरी कॉम्प्युटर कॅबिनेटची साइड पॅनेल उतरतात आणि शेजारी टेबलफॅन येऊन बसतो. मशीन जरा थंड वाटतं, म्हणून पॅनेल कायमचं माळ्यावर जातं. पॅनेल जरूर काढा, पण तपासणीपुरतं.

एचडब्ल्यूमॉनिटर किंवा कोअर टेम्प हे मोफत सॉफ्टवेअर टाका. पॅनेल लावलेलं असताना जड काम १५ मिनिटं चालवा (टॅली नव्हे, गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग) आणि प्रोसेसरचं तापमान लिहून ठेवा. मग पॅनेल काढून तेच काम तेवढाच वेळ करा. आकडा ८-१० अंशांनी उतरला, तर दोष हवेच्या वाटेत आहे: जाळी तुंबली आहे, एखादा फॅन उलटा बसला आहे, नाहीतर कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात कोंडलं आहे. आकडा होता तिथेच राहिला, तर हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), त्याचा फॅन किंवा दोघांमधली थर्मल पेस्ट बघायला हवी. अशा वेळी पॅनेल वर्षभर उघडं ठेवलं तरी फरक पडणार नाही.

जड कामात ७० ते ८५ अंश चालतात. बरेचसे इंटेल प्रोसेसर १०० अंशांजवळ पोचले की स्वतःच वेग कमी करतात. मशीन मध्येच मंदावतं ते बऱ्याचदा यामुळे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर भर कामात ९५ पर्यंत जातात, ती त्यांची रचनाच आहे. फॅन खोलीतलीच हवा आत घेतो. त्यामुळे खोली २८ वरून ३८ अंशांवर गेली, की आतला आकडाही साधारण १० ने चढतो. मे महिन्यातला आकडा डिसेंबरशी ताडून घाबरू नका.

हवेची वाट

पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. साध्या वापराला १२० मिलिमीटरचे पुढे दोन आणि मागे एक एवढे फॅन पुरतात. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त असली, की फटींतून धूळ कमी शिरते. फॅनच्या मोटरला धरणाऱ्या पट्ट्या ज्या बाजूला दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. शंका असेल तर फॅनजवळ उदबत्ती धरा, धूर कुठे ओढला जातो ते लगेच कळतं. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

उघडं ठेवल्यावर काय होतं

पुढच्या फॅनची हवा रॅमपर्यंत न पोचता बाजूनेच निसटते. ग्राफिक्स कार्ड कदाचित थोडं थंड राहील, पण धूळ दुप्पट वेगाने बसल्यासारखी वाटेल. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये तर तपासणीसाठीही पॅनेल काढू नका. लेथवरची लोखंडी भुकटी वीज वाहते आणि मदरबोर्ड शॉर्ट होतो. कांद्याच्या खळ्यावरच्या ऑफिसात टरफलं फॅनच्या जाळीला चिकटतात. ती हाताने निघतात, काळजी नको. देव्हाऱ्याजवळच्या मशीनचं उलट असतं: धुपाच्या तेलकट काजळीवर धूळ घट्ट बसते, नुसत्या ब्लोअरला दाद देत नाही, ब्रश लागतो. आणि पालीला ऊबदार जागा फार आवडते.

कॅबिनेटशिवाय मदरबोर्ड चालवायचाच असेल, तर तो कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीत तो येतो, तिच्यावर ठेवू नका; तिच्यातून वीज वाहू शकते.

साफसफाई आणि पेस्ट

प्लग काढा, पॉवर बटण ५ सेकंद दाबून धरा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने अडवून ठेवा, नाहीतर ते बेफाम फिरून बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध, वाटाण्याएवढी. जास्त घातली तर फक्त कडेने बाहेर येते. नव्या कूलरच्या (हीटसिंक आणि फॅन मिळून) तळाचं प्लॅस्टिक सोलायचं विसरू नका. इंटेलच्या कूलरला चार खुंट्या असतात, त्या समोरासमोर तिरप्या जोडीने दाबा आणि मदरबोर्डच्या मागून चारही पार गेल्या का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली, तरी आकडा मिनिटभरात नव्वदीपार जातो. जुन्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) रायझनचा कूलर सरळ वर ओढू नका, वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन १० मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा.

एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज राहते.

मशीन दुरुस्तीला दुकानात आणताना मॉनिटर-कीबोर्ड नको. फक्त कॅबिनेट, पॅनेलसकट, आणि पॅनेल लावून व काढून घेतलेले तापमानाचे ते दोन आकडे लिहिलेली चिठ्ठी.